दहा हजार एकावं रोप

फार जुन्या काळी घडलेली ही गोष्ट. ज्यांच्या राज्यात ती घडली ते राजवंश आता कुणाला आठवत नाहीत. लहानांनी ऐकावी, थोरांनीही ऐकावी, कारण यातली चूक एका थोर माणसाचीच आहे.

डोंगरांच्या मधे एक छोटं राज्य होतं आणि तिथे एक राणी कारभार पाहत होती. राणी समजूतदार होती, पण तिची प्रजा मानपानावरून सदा भांडायची. जत्रेत पहिला नारळ कुणाचा, पंगतीत आधी कोण बसणार, एवढ्यावरून गावागावांत डोकी फुटायची.

राणीने यावर पुष्कळ विचार केला. राजधानीबाहेर एक मोठा उजाड माळ होता. तिने दवंडी पिटवली : "या माळावर आपण सगळे मिळून बाग करू. राज्यातल्या प्रत्येक घराने एक रोप आणावं. घर वाड्याचं असो की झोपडीचं, रोप एकच. बागेतल्या सगळ्या रांगा सारख्या लांबीच्या असतील. कुणाची रांग मोठी नाही, कुणाची लहान नाही, आणि एकही घर बागेबाहेर नाही."

लोकांना ही कल्पना आवडली. रोपं घेऊन माणसं निघाली. कुणी डोक्यावर टोपली घेतली, कुणी बैलगाडीत मातीचा गोळा ठेवून त्यात रोप खोचलं. आंबा आला, फणस आला, जांभूळ, चिंच, आवळा, बेहडा, सगळं आलं. राजधानीच्या वेशीवर कारकून रोपं मोजत होते.

सगळ्यांत शेवटी हौसा आली. हौसा या राज्यात नवीन होती. नदीपलीकडचं तिचं गाव पुरात वाहून गेलं, नवरा त्यातच गेला. म्हाताऱ्या सासऱ्याला घेऊन ती घाट चढून इकडे आली आणि शेवटच्या गावाच्या कडेला झोपडी बांधून राहिली. सासऱ्याने येताना बुडालेल्या अंगणातून कवठाचं एक रोप उपटून आणलं होतं. तेच रोप फुटक्या गाडग्यात घालून हौसाने वेशीवर ठेवलं.

"आमचंही घर धरणार ना?" तिने कारकुनाला विचारलं.

"धरणार की," कारकून म्हणाला. "हे दहा हजार एकावं."

सासऱ्याला हे कळलं तेव्हा तो शेजाऱ्यांच्या दारोदार जाऊन सांगून आला. "आता आपण इथले झालो," तो म्हणायचा.

रोपं दहा हजार एक झाली. ती सारख्या रांगांत कशी लावायची, हे ठरवायचं काम राणीने त्र्यंबकशास्त्र्यांकडे दिलं. शास्त्री म्हणजे दरबारचे गणिती. ग्रहण कधी लागणार, तळ्यात पाणी किती मावणार, हे त्यांना विचारावं आणि निर्धास्त व्हावं, अशी त्यांची ख्याती. त्यांचं उत्तर चुकलेलं कुणी पाहिलं नव्हतं.

शास्त्र्यांनी धूळपाटी पुढे घेतली. लाकडी पाटीवर बारीक धूळ पसरायची आणि बोटाने आकडे लिहायचे, अशी ती रीत होती. दहा हजार एक ही संख्या त्यांनी लिहिली आणि तिच्याकडे पाहत राहिले. दोन टोकांना एकेक एक, आणि मधे तीन शून्यं. दिसायला देखणी संख्या होती.

सारख्या रांगा हव्यात, म्हणजे या संख्येला कुठल्यातरी संख्येने पूर्ण भाग जायला हवा, बाकी शून्य उरायला हवी. शास्त्र्यांनी दोनाने भागून पाहिलं, एक उरला. तिनाने पाहिलं, दोन उरले. पाचाने, साताने, अकराने, तेराने, दर वेळी काहीतरी उरतच होतं. चारासहांनी किंवा नवाने पाहायची गरज नव्हती, कारण दोनातिनांनी भाग गेला नाही तर त्यांच्या पटींनी जाणारच नाही. शंभराच्या पुढे जायचीही गरज नव्हती. शंभराच्या शंभर रांगा म्हणजे दहा हजार. रांगाही शंभराहून जास्त आणि रांगेतली झाडंही शंभराहून जास्त, असं धरलं तर झाडं दहा हजार एकाहून कितीतरी जास्त लागतील. तेव्हा दोहोंतला एक आकडा शंभराच्या आतच सापडायला हवा. सापडला नाही, तर ही संख्या अविभाज्य. तिच्या सारख्या रांगा होणारच नाहीत.

शास्त्री एकेक पायरी चढत गेले. एकसष्टाने पाहिलं, सदुसष्टाने पाहिलं. एकाहत्तराने भागलं, तेव्हा एकसष्ट उरले. आता शंभरापर्यंत पाचच संख्या पाहायच्या राहिल्या होत्या.

एवढ्यात दारात राणीने पाठवलेली पालखी आली. भोई म्हणाले, "शास्त्रीबुवा, दरबार भरलाय. रोपं सुकायला लागलीत. राणीसाहेब उत्तराची वाट पाहताहेत."

शास्त्र्यांनी पाटीकडे पाहिलं. एवढ्या संख्यांनी भाग गेला नाही, तो राहिलेल्या पाचांनी कुठला जाणार, असं त्यांच्या मनात आलं. आणि खरं सांगायचं, तर आणखीही एक गोष्ट त्यांच्या मनात आली होती. एक रोप कमी केलं तर बरोबर दहा हजार उरतात. शंभर रांगा, रांगेत शंभर झाडं, चारी बाजू सारख्या. इतकी सुबक बाग त्यांना डोळ्यांपुढे दिसू लागली होती. त्यांनी पाटी पुसली आणि ते पालखीत बसले.

दरबारात ते म्हणाले, "राणीसाहेब, दहा हजार एक ही संख्या अविभाज्य आहे. तिच्या सारख्या रांगा होत नाहीत. एक रोप वगळावं, म्हणजे शंभराच्या शंभर रांगा होतील."

राणीचा चेहरा उतरला. "एकही घर बाहेर राहणार नाही, असा शब्द मी दिला होता. शास्त्रीबुवा, तुम्ही पूर्ण तपासलंत?"

शास्त्र्यांना पुसलेली पाटी आठवली.

"पूर्ण तपासलं, राणीसाहेब," ते म्हणाले.

मग कुणाचं रोप वगळायचं, याची चर्चा झाली. ती लांबली नाही. जे शेवटी आलं ते, असं कुणीतरी म्हणालं, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या.

हौसा दरबाराच्या टोकाला उभी होती. तिला पुढे बोलावून गाडगं तिच्या हातात परत दिलं. तिने शास्त्र्यांकडे पाहिलं.

"शास्त्रीबुवा, आमचं घर धरलं होतं ना?"

"धरलं होतं, बाई. पण संख्येपुढे कुणाचं चालत नाही. तिथे माझाही इलाज नाही."

"तुम्ही एवढे शिकलेले. तुम्ही म्हणता म्हणजे तसंच असणार," हौसा म्हणाली आणि गाडगं कडेवर घेऊन निघून गेली.

बाग लागली. शंभर रांगा, रांगेत शंभर झाडं. कुठूनही उभं राहून पाहिलं तरी नजर सरळ पार जायची. परराज्यातले लोक ती पाहायला येऊ लागले आणि शास्त्र्यांचं नाव दूरवर पोचलं. वर्षातून एकदा पाणी घालायचा दिवस ठरला. त्या दिवशी प्रत्येक घरचं माणूस यायचं, आपल्या झाडाला पाणी घालायचं, आणि शेजारच्या झाडाच्या माणसाबरोबर शिदोरी खायचं. भांडणं खरोखरच कमी झाली.

फक्त एका घराला झाड नव्हतं. लोक आधी सहज म्हणून हौसाच्या घराला 'उरलेलं घर' म्हणू लागले, मग ते नावच पडलं. पाणवठ्यावर बायका म्हणायच्या, "उरलेलीला मागून भरू दे." गावजेवणाच्या पंगतीतही तिचं पान शेवटी मांडायचे. त्यात कुणाला काही वाईट वाटायचं नाही. ही गोष्ट गणितानेच ठरवली आहे, त्यात आपण काय करणार, असं सगळ्यांना वाटत होतं.

हौसाचा सासरा घराबाहेर पडेनासा झाला. ज्या दारांवर जाऊन तो आनंदाने सांगून आला होता, ती दारं आता त्याला ओलांडवत नव्हती. कवठाचं रोप हौसाने झोपडीमागे लावलं. म्हातारा त्याच्याकडे पाठ करून बसायचा.

काही वर्षं गेली. झाडं माणसापेक्षा उंच झाली. बागेच्या तोंडाशी एक शिळा उभारावी आणि तिच्यावर बागेची हकिगत कोरावी, असं राणीच्या मनात आलं. मजकूर शास्त्र्यांनीच लिहायचा होता. त्यांनी लिहिलं : दहा हजार एक ही संख्या अविभाज्य असल्याने एक रोप वगळून शंभराच्या शंभर रांगा केल्या.

पाथरवट छिन्नी हातोडा घेऊन तयार होता. मजकूर त्याच्या हाती देताना शास्त्री थबकले. दगडावर कोरलेलं पुसता येत नाही. उद्या दुसऱ्या देशाचा गणिती येऊन वाचेल. त्या पाच संख्या राहिल्याच आहेत, तेवढ्या एकदा पाहून घेऊ, असं त्यांना वाटलं. ते घरी आले आणि धूळपाटी घेऊन बसले.

एकाहत्तरापर्यंत झालं होतं. त्याच्या पुढची पाहायची संख्या त्र्याहत्तर. शास्त्र्यांनी भाग लावला. भाग एकशे सदतीस आला आणि बाकी शून्य उरली.

त्यांनी पाटी पुसली, पुन्हा भागलं. मग उलटं करून पाहिलं, एकशे सदतीस त्र्याहत्तरदा घेतले. दहा हजार एक झाले. त्र्याहत्तर रांगा, रांगेत एकशे सदतीस झाडं. एकही झाड उरत नव्हतं. ते थांबले होते, त्याच्या पुढच्याच पायरीवर उत्तर होतं.

खोलीत दुसरं कुणी नव्हतं, तरी शास्त्र्यांनी पाटीवर पंचा टाकला. आपण चुकलो, याची लाज त्यांना वाटलीच. चूक कुणाच्याही हातून होते, असं म्हणून ती थोडी निवलीही असती. पण 'पूर्ण तपासलं' हे चूक नव्हतं, ते खोटं होतं. आणि त्याहून खोल एक गोष्ट होती, ती त्यांना सोडेना. दगड खराब होईल म्हणून आज आपण घरी परत आलो. त्या दिवशी एक माणूस समोर होतं, तेव्हा नाही आलो.

तरी ते बोलले नाहीत. पाथरवटाला त्यांनी निरोप पाठवला, की नुसतं 'शंभर रांगा, रांगेत शंभर झाडं' एवढंच कोर. पाथरवटाने तसं कोरलं. लोकांना ते आवडलं. शास्त्रीबुवा किती नम्र, स्वतःच्या विद्येचा उल्लेखही केला नाही, असं लोक म्हणाले, आणि ते ऐकताना शास्त्र्यांना मान वर करवेना.

असे बरेच महिने गेले. मग त्यांनी मनाची समजूत घालायचा एक मार्ग काढला. गड्याकरवी हौसाच्या झोपडीत एक पोतं तांदूळ पाठवलं. संध्याकाळी गडी पोतं घेऊन परत आला.

"काय झालं?" शास्त्र्यांच्या पत्नीने, उमाबाईंनी विचारलं.

"ती बाई म्हणाली, हे कशाबद्दल? मला सांगता आलं नाही. मग म्हणाली, कशाबद्दल ते कळल्याशिवाय कसं ठेवून घेऊ?"

उमाबाई शास्त्र्यांकडे वळल्या. "अहो, खरंच, कशाबद्दल पाठवलं होतं?"

शास्त्री उठून आत गेले. त्यांना जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी जोडा पायात घातला आणि पायीच शेवटच्या गावाची वाट धरली. वाटेत भेटणारे लोक वाकून नमस्कार करत होते. प्रत्येक नमस्काराला त्यांना वाटे, याला माहीत असतं तर हा वाकला असता का?

हौसा अंगण सारवत होती. शास्त्र्यांना पाहून ती लगबगीने उठली, हात धुतले आणि घोंगडी अंथरली. शास्त्री बसले नाहीत.

"तुमचे सासरे कुठे आहेत?" त्यांनी विचारलं.

"मामंजी गेल्या हिवाळ्यात गेले."

ज्यांना सांगायला शास्त्री आले होते, त्यांतलं एक माणूस आता ऐकायला नव्हतं. ते तसेच उभे राहून म्हणाले, "बाई, तुमचं रोप वगळायची गरज नव्हती. संख्येला भाग जात होता. मी पूर्ण तपासलं नव्हतं, आणि तपासलं असं राणीसाहेबांना सांगितलं."

सारवणाचा हात हौसाने पदराला पुसला, जरी तो आधीच धुतलेला होता.

"तुम्हाला हे कधी कळलं?" तिने विचारलं.

शास्त्र्यांना वाटलं होतं, ती रागावेल किंवा रडेल. हा प्रश्न त्यांना अपेक्षित नव्हता.

"मागच्या उन्हाळ्यात," ते खाली पाहत म्हणाले.

"म्हणजे मामंजी होते तेव्हा."

"हो."

"शेवटी शेवटी ते विचारायचे, हौसे, आपल्यातच काही खोट असेल का गं? मी म्हणायची, मामंजी, गणित आहे ते. आपल्याला काय कळणार?" तिने झोपडीच्या दाराकडे पाहिलं. "त्यांना सांगायला हवं होतंत."

शास्त्र्यांनी हात जोडले. त्यांचे डोळे भरून आले होते, पण या दारात आपण रडणंही बरोबर नाही, असं वाटून त्यांनी ते आवरले.

"मला क्षमा करा, असं म्हणायचाही मला हक्क नाही," ते म्हणाले.

"मला एकटीला सांगून काय होणार, शास्त्रीबुवा?" हौसा म्हणाली. "तेव्हा तुम्ही चारचौघांत बोलला होतात. गावाने तेच ऐकलं. इथे माझ्या अंगणात काय बोललात, ते कुणी ऐकलं नाही."

पाणी घालायचा दिवस जवळच आला होता. त्या दिवशी सगळं राज्य बागेत जमलं. रिवाजाप्रमाणे राणीने शास्त्र्यांना हार घालण्यासाठी पुढे बोलावलं. शास्त्री पुढे गेले, पण हारासाठी मान वाकवली नाही.

"राणीसाहेब, आधी मला बोलू द्या," ते म्हणाले आणि लोकांकडे वळले.

त्यांनी काहीच लपवलं नाही. एकाहत्तरापर्यंत तपासलं, पालखी आली, पाटी पुसली, पूर्ण तपासलं असं खोटं सांगितलं, हे सगळं सांगितलं. चूक कळल्यावरही गप्प राहिलो, आणि त्या काळात एक म्हातारा मनाला लावून घेऊन गेला, हेही सांगितलं. ज्या लोकांनी त्यांना कधी चुकताना पाहिलं नव्हतं, ते कान देऊन ऐकत होते.

एका शेतकऱ्याने विचारलं, "म्हणजे सगळी रोपं बसली असती?"

"बसली असती. त्र्याहत्तर रांगा झाल्या असत्या."

"त्या बाईचंही?"

"तिच्यामुळेच तर बसली असती," शास्त्री म्हणाले. "तिचं रोप नसतं, तर शेवटच्या रांगेत एक जागा रिकामी राहिली असती. जिला आपण उरलेली म्हणालो, तिच्यावाचून हिशेबच पुरा होत नव्हता."

पाणवठ्यावर हौसाला मागे उभं करणाऱ्या बायका तिथे होत्या, तिचं पान शेवटी मांडणारे होते. ज्याला त्याला आपलं बोलणं आठवत होतं, आणि शेजारच्याकडे पाहायचं धैर्य कुणाला होत नव्हतं. राणीच्या हातातला हार खाली आला होता. "शब्द मी दिला होता," ती हळूच म्हणाली. "आणि तो मोडताना मी एकदाच प्रश्न विचारला. दुसऱ्यांदा विचारायला हवा होता."

तिने हौसाला पुढे बोलावलं. झाडांची मुळं आता खोल गेली होती, रांगा बदलता येणार नव्हत्या. राणी म्हणाली, "बाई, तुझ्या कवठासाठी बागेच्या मधोमध जागा करून देते. रांग मोडली तरी चालेल."

हौसाने मान हलवली. "नको, राणीसाहेब. ते आता परसात रुजलंय, उपटलं तर मरेल. आमचं घर तेवढं मोजा. आणि मामंजींचं नाव घ्या कुणीतरी. त्यांचं नाव रखमाजी."

कारकुनाने उभं राहून मोठ्याने सांगितलं, "या राज्यात दहा हजार एक घरं. शेवटी नोंदलेलं घर रखमाजींचं." त्या दिवशी लोक आपापल्या झाडांना पाणी घालायच्या आधी कळशा घेऊन शेवटच्या गावाकडे गेले. हौसाने कुणाला अडवलं नाही आणि ती कुणाशी फार बोललीही नाही.

शास्त्र्यांनी दरबारचं आसन सोडलं. राणीने त्यांना आग्रह केला नाही. पुढे लोक त्यांच्याकडे अडलेले हिशेब घेऊन येत, तेव्हा ते उत्तर देत आणि शेवटी म्हणत, "इथवर मी पाहिलं आहे. यापुढचं पाहिलेलं नाही." असं म्हटल्याने त्यांची विद्या कमी झाली असं कुणाला वाटलं नाही. पण शेवटच्या गावाच्या वाटेवरून जाताना त्यांची मान मात्र जन्मभर खालीच राहिली. हौसा समोरून आली तर ती थांबून त्यांची विचारपूस करी. ते उत्तर देत, आणि तिच्या डोळ्यांत पाहणं त्यांना कधी जमलं नाही.

बोध एवढाच, की जिथवर पाहिलं तिथवरचीच ग्वाही द्यावी. न पाहिलेल्याची ग्वाही देणारा मान मिळवतो, आणि त्याची शिक्षा दुसराच कुणी भोगतो.